उसाच्या मुलुखात हिरव्या पानाचा दुष्काळ

आजाऱ्याला भेटावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. एस. टी. स्थानकाबाहेरच्या गाड्यावरून अर्धा डझन मोसंबी किंवा किलोभर सफरचंदे घेतली जातात आणि ती दवाखान्यातल्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवली जातात. रोगी बरा होतो, घरी येतो, कामाला लागतो आणि त्या दिवसापासून फळ पुन्हा त्याच्या दृष्टीआड होते. आपल्या समाजात फळाला तीन जागा नेमून दिलेल्या आहेत : देवापुढचे ताट, उपवासाचा दिवस आणि आजाऱ्याची उशी. धडधाकट माणसाच्या रोजच्या जेवणात त्याला जागा नाही. पालेभाजीची गतही फारशी निराळी नाही. ती गरिबाची म्हणून मानाच्या पंगतीत कधी बसली नाही. आणि आता तर ती गरिबाच्या घरातूनही उठू लागली आहे.

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालेल्या प्रवाशाला कागल तालुक्यात शिरताना हे गाऱ्हाणे खरे वाटावयाचे नाही. राष्ट्रीय महामार्ग सोडून कोणत्याही आडवाटेला लागावे, तर दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तेथवर हिरवे रान दिसते. दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या नद्यांची खोरी या तालुक्यात आहेत. जमीन कसदार आणि माणसे कष्टाळू आहेत. परंतु त्या हिरव्या रंगाकडे थोडे थांबून पाहिले, तर तो बहुतांशी एकाच पिकाचा आहे, हे ध्यानात येते. कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमीदवाड्याचा मंडलिक आणि बेलेवाडी काळम्म्याचा संताजी घोरपडे असे चार साखर कारखाने या एका तालुक्यात आहेत. त्यांच्या गव्हाणीत पडणारा ऊस हाच येथील शेतीचा आत्मा होऊन बसला आहे. ज्याच्या शेतात बारमाही पाणी खेळते, तो शेतकरी आठवड्याच्या बाजारात पिशवी घेऊन कोबी, फ्लॉवर आणि बटाटे विकत घेताना दिसतो. पाण्याच्या काठी बसून तहानलेले राहावे, अशातलाच हा प्रकार आहे.

सुकाळातले कुपोषण

येथे आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उसाला नावे ठेवण्यासाठी हे लेखन नाही. उसाआधीचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्याकडून तसा कृतघ्नपणा होणार नाही. याच कागलात जन्मलेल्या आनंद यादवांच्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याचा मळा कसणाऱ्या घरातले ते बालपण, त्यातले अर्धपोटी दिवस आणि शाळेसाठी बापाशी करावी लागलेली झुंज ज्यांनी वाचली आहे, त्यांना पाण्याने आणि उसाने या मुलुखात काय घडविले, हे निराळे सांगण्याची गरज नाही. छपरांच्या जागी पक्की घरे आली, मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या, सावकाराचे उंबरे झिजविणे कमी झाले. पोटभर भाकरीचा प्रश्न पुष्कळ घरांतून सुटला.

परंतु पोट भरणे आणि अंग भरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भाताचा ढीग, वर आमटी, दोन चपात्या, तोंडी लावायला चटणी आणि दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा, एवढ्यावर माणूस भूक मारू शकतो. त्याच्या रक्ताला लोह, डोळ्यांना अ जीवनसत्त्व आणि आतड्यांना चोथा मात्र त्यातून पुरेसा मिळत नाही. आहारशास्त्रात हिला दडलेली भूक म्हणतात. ती कळवळून ओरडत नाही. जिना चढताना धाप लागणाऱ्या मुलीच्या पांढुरक्या पापण्यांत, चाळिशीतच साखरेची गोळी चालू झालेल्या कारकुनाच्या खिशात आणि वर्गात तिसऱ्या तासाला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यात ती दिसते.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राज्यातही निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही. दुसऱ्या टोकाला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली असून सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एकाच घरात आई रक्तक्षयाने थकलेली आणि वडील मधुमेहाने ग्रासलेले, हे चित्र आता विरळ राहिलेले नाही. दोन्ही रोगांची कारणे अनेक आहेत; जंत, बाळंतपणे, बैठे काम, वारसा असे कितीतरी धागे त्यांत गुंतलेले आहेत. केवळ भाजी खाल्ल्याने ते नाहीसे होतील, असे म्हणणे म्हणजे वैदूगिरी होईल. लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा सल्ला यांना पर्याय नाही. तथापि दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी जे ताट आहे, त्यात हिरवे पान आणि फळ कमी आहे, हे मान्य करावेच लागते.

किती खावे? जागतिक आरोग्य संघटनेने दररोज निदान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात, असे सांगितले आहे. त्यात बटाट्यासारखे कंद धरावयाचे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत सर्वसामान्य प्रौढाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे सुचविले आहे. त्या भाज्यांपैकी सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी असावी. आपल्या घरातील पाच माणसांसाठी एका वेळेला किती भाजी शिजते, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करून पाहावा. ताटाच्या कडेला वाढलेली दोन चमचे भाजी ही चव बदलण्यापुरतीच असते; तिला आहार म्हणता येत नाही.

माळवे कोठे गेले?

या भागातील जुनी माणसे भाजीला 'माळवे' म्हणतात. हा शब्द उच्चारला की एक सबंध व्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते. विहिरीच्या थारोळ्याजवळ अळू, पाटाच्या कडेने कोथिंबीर आणि मुळा, बांधावर शेवगा, परड्यात दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल आणि उकिरड्याशेजारी आपसूक उगवलेली पपई. भुईमुगात, मिरचीत, जोंधळ्यात जे तण उगवे, त्यातले निम्मे तण हे तण नव्हतेच. तांदळी, घोळ, पाथरी, चाकवत या सगळ्या भांगलणीच्या बायकांच्या ओट्यातून घरी येत आणि संध्याकाळी लसणाची फोडणी घेऊन ताटात पडत. त्यांची पेरणी कोणी केलेली नसे, त्यांना बाजारभाव नसे आणि त्यांची नोंद सात-बाऱ्यावर होत नसे. म्हणूनच त्या गेल्या तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या गेल्या कशा, हेही पाहण्यासारखे आहे. वाटण्या होत होत शेत गुंठ्यांवर आले, तेव्हा बांध कोरला गेला; जेथे बैलगाडी जाई, तेथे आता पाऊलवाटही उरली नाही. पुढे मजुरी वाढली, भांगलायला माणसे मिळेनात आणि तणनाशक आले. उसात मारावयाचे टू-फोर-डी हे औषध रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवताच्या कुळातील उसाला सोडून देते. रुंद पानांच्या या वनस्पती म्हणजेच आपली तांदळी आणि घोळ! शास्त्राने तणाची जी यादी केली, तीच आजीची भाज्यांची यादी होती. अशा औषधाच्या रानात सरीच्या बगलेला मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक घेण्याचीही सोय राहत नाही. वास्तविक सुरू उसाची लागण झाल्यावर पहिले तीन-साडेतीन महिने सरीतली जागा मोकळीच असते आणि तेवढ्यात पालेभाजीची दोन पिके सहज निघतात. कृषी विद्यापीठाची तशी शिफारसही आहे. पण एका फवाऱ्यात जे काम होते, त्यासाठी खुरपे कोण हाती घेणार?

याच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते क्वचितच बोलले जाते. माळवे हा बायकांचा पैसा होता. बुट्टीभर वांगी किंवा मेथीच्या पेंड्या बाजारात नेऊन विकणारी बाई संध्याकाळी तेल-मीठ घेऊनच परते. तिच्या कनवटीला चार पैसे राहत. उसाचे बिल बँकेत जमा होते, आणि खाते बहुधा पुरुषाच्या नावावर असते. त्या बिलातून सोसायटीचे कर्ज फिटते, मोटारसायकल येते, लग्न होते. पालेभाजी त्या हिशेबात कोठेच बसत नाही. परड्यातले माळवे गेले, तेव्हा घरातील ताटाबरोबर बाईच्या हातातली सत्ताही थोडी कमी झाली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आणि शेवटी प्रतिष्ठेचा प्रश्न. पाहुणा आला तर तांबडा-पांढरा रस्सा, निदान वांग्याची भाजी. त्याच्यापुढे पोकळ्याची भाजी वाढणे म्हणजे त्याचा अपमान. बाहेरगावच्या सफरचंदाला आपण शेलके फळ मानतो आणि कुंपणावरून रस्त्यावर वाकलेल्या पेरूला पोरांचा खाऊ म्हणतो. पोषणाच्या तराजूत या दोहोंना घातले, तर उलटेच दिसते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू सफरचंदाच्या कितीतरी पट सरस आहे. संत्रेही त्याच्या मागे राहते. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत आवडीने खातो, पण ज्या पाल्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्यांश विपुल असतो, तो पाला बकरीपुढे टाकतो.

उपदेश पुरेसा नाही

फळे खा, भाज्या खा, हा उपदेश आपल्याला नवा नाही. शाळेच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, आरोग्य केंद्रात त्याचे तक्ते लावलेले असतात. तरीही ताट बदलत नाही, कारण ताट हे शेताचे आणि बाजाराचे प्रतिबिंब असते. या संदर्भात फिनलंडमधील एका प्रयोगाची आठवण करणे उपयुक्त ठरेल.

फिनलंडच्या पूर्व सरहद्दीवर उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. दूध आणि लोणी हा तेथील शेतकऱ्याचा जीवनाधार. घरोघरी भरपूर लोणी, खारवलेले मांस आणि तंबाखू. भाजी हे जनावरांचे खाद्य, अशी तेथील पुरुषांची समजूत. परिणामी ऐन उमेदीतली माणसे हृदयविकाराने पटापट मरत होती. लोकांनीच सरकारकडे मागणी केली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तेथे एक मोहीम सुरू झाली. या मोहिमेचे वैशिष्ट्य असे की, तिने केवळ पत्रके वाटली नाहीत. गावोगावच्या महिला मंडळांनी एकत्र जमून भाज्या घातलेले पदार्थ रांधले आणि शेजाऱ्यांना खाऊ घातले. पुढे, लोणी कमी खपले तर दुग्धव्यावसायिकाने जगावे कसे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्या थंड प्रदेशात चांगली येणारी बोरासारखी रसाळ फळे पिकविण्यासाठी शेतकऱ्यांना साह्य देण्यात आले. तंबाखू, मीठ, लोणी या साऱ्यांवरच मोहिमेचा रोख होता. भाज्या आणि फळे हा तिचा एक भाग. चार दशकांत तेथील कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले.

उत्तर करेलियाचे हवामान आणि कागलचे हवामान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परंतु दोन्ही मुलूख सरहद्दीवरचे, दोन्ही एका पदार्थावर पोसलेले, दोन्हीकडे सहकाराची परंपरा. तेथील अनुभवातून आपण एवढे निश्चित शिकू शकतो की, शेतकऱ्याच्या मिळकतीला धक्का न लावता आणि स्वयंपाकघरातील बाईला बरोबर घेऊनच ताट बदलता येते.

शेजारचाच धडा

अर्थात त्यासाठी फिनलंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कागलच्या शेजारच्या भुदरगड तालुक्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. 'प्रयोग परिवार' या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जे जाळे उभे केले, त्याचा महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांना झालेला लाभ सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या मनातला खरा नायक मोठा बागाईतदार नव्हता. सूर्यप्रकाशाचा, पानांच्या क्षेत्रफळाचा आणि पालापाचोळ्याचा गणिती हिशेब मांडून ते सांगत की, पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत चांगले जगू शकते. मुंबईसारख्या शहरात डॉ. आर. टी. दोशी यांनी याच विचाराच्या प्रेरणेने गच्चीवर उसाचे चिपाड आणि घरातला ओला कचरा वापरून भाज्या व फळे पिकविली. मुंबईच्या गच्चीवर उसाचे चिपाड भाजी पिकविते आणि कागलच्या रानात उसाचे पाचट पेटवून दिले जाते, यातला विरोधाभास सांगावयास नको.

दहा गुंठे ही दाभोळकरांची मागणी मोठी वाटत असेल, तर आपण एका गुंठ्याचा हिशेब करू. पाच माणसांना माणशी १०० ग्रॅम पालेभाजी म्हणजे दिवसाला अर्धा किलो आणि वर्षाला सुमारे १८० किलो. मेथी, पोकळा, शेपू, राजगिरा यांचे एक पीक महिना-दीड महिन्यात निघते. घरचे शेण, पाचटाचे खत आणि सांडपाणी मिळाले, तर ही सारी पालेभाजी अर्ध्या गुंठ्यातून वर्षभरात निघू शकते. उरलेल्या अर्ध्यात दोन वेल, चार वांगी, चार टोमॅटो आणि कडेला एक शेवगा, एक पेरू, एक लिंबू, दोन पपया. सगळी गरज यातून भागेल असे नाही; पण ताटाचा रंग खात्रीने बदलेल. एक गुंठा ऊस कमी झाला म्हणून कोणाचे घर बसत नाही.

याच कामाचा दुसरा पैलू बियाण्याचा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि पालेभाज्यांचे गावठी बियाणे जपले आणि त्या बियाण्याच्या जोरावर शेकडो परसबागा उभ्या राहिल्या. २०२० मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या एका बाईने जे केले, ते आपल्या शिकलेल्या घरांतून होऊ नये काय?

कोणी काय करावे?

पहिली जबाबदारी साखर कारखान्यांची आहे, असे आम्हांस वाटते. कारखाना सभासदाला सवलतीच्या दराने साखर देतो, उसाचे बेणे आणि खते पुरवितो. त्याची गट कार्यालये गावोगाव आहेत. त्याच वाटेने पावसाळ्याच्या तोंडावर शेवगा, पेरू, लिंबू यांची रोपे आणि भाजीच्या बियाण्याची एक पुडी सभासदाच्या घरी पोहोचविणे त्यांना अवघड नाही. ती पुडी घरातील बाईच्या हाती द्यावी, एवढे मात्र पाहिले पाहिजे. साखर आणि दूध या दोन्ही वस्तूंचा सहकार कोल्हापूर जिल्ह्याने देशाला दाखविला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने रोज दोनदा गावातले दूध गोळा करण्याची शिस्त लावली. दुधाहून लवकर खराब न होणारी भाजी गोळा करणे आणि वाजवी दराने विकणे आपल्याला जमू नये, असे कसे म्हणावे? २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि काही आठवड्यांतच तो इतका कोसळला की शेतकऱ्याला तोडणीही परवडेना. खाणाराही रडला आणि पिकविणाराही. मधली व्यवस्था आपणच उभी न केल्याचे हे फळ होय.

दुसरी जबाबदारी शाळेची. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गाच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी असावी, असा केंद्र शासनाचा दंडक आहे. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज पाच किलो भाजी लागते. आमटीत तरंगणाऱ्या चार कोथिंबिरीच्या काड्यांनी तो दंडक पाळला जात नाही, हे शिक्षकांना ठाऊक असते. दर मिळतो त्यात याहून अधिक बसत नाही, हेही त्यांचे म्हणणे खोटे नसते. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे देण्याचे ठरविले. २०२५ च्या आरंभी त्याचा शासकीय निधी थांबविण्यात आला. सरकारच्या लहरीवर अवलंबून राहण्यापेक्षा शाळेची स्वतःची परसबाग अधिक भरवशाची. हात धुण्याचे पाणी जेथे वाया जाते, तेथे केळ आणि अळू लावावे. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटणाऱ्या पालकांना पेरू, बोरे किंवा चिकू आणावयास सांगावे. मुलाने स्वतः पेरलेली मुळ्याची भाजी तो घरी नाक मुरडून खात नाही, हा अनुभव अनेक शिक्षकांचा आहे.

तिसरी जबाबदारी आपल्यासारख्या नोकरदार वाचकांची. भाजी महाग झाली, ही तक्रार खरी आहे; पण हॉटेलातील दोन चहांच्या पैशांत हंगामातली एक पेंडी अजून मिळते. हंगामाची भाजी घ्यावी, बिनहंगामाची सोडावी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की तिचे सत्त्व पाण्याबरोबर जाते. तिच्यावर औषध मारलेले असते ही भीतीही अनाठायी नाही. म्हणून वाहत्या पाण्याखाली ती नीट धुवावी, आणि शक्य तेवढी दारात पिकवावी. पण त्या भीतीपोटी ती खाणेच सोडणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर. पालेभाजीतले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. त्याच जेवणात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो किंवा पेरू असला तर ते अधिक लागते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते कमी होते. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे आणि त्या जागी एक पेरू खाणे, याला पैसा लागत नाही, निश्चय लागतो. शाल-श्रीफळाच्या सत्कारांचा आपल्याला सोस आहे. शालीऐवजी फळांची करंडी दिली तर सत्काराचे मोल घटणार नाही.

हे सारे ज्यांच्याजवळ परडे आहे, त्यांच्यासाठी झाले. पण ज्याच्याजवळ गुंठाही नाही, त्याचे काय? औद्योगिक वसाहतीत खोली घेऊन राहणारा कामगार, गावातला भूमिहीन मजूर आणि दर हिवाळ्यात मराठवाड्यातून येऊन कारखान्याच्या कडेला खोपी टाकणारा ऊसतोड मजूर, यांच्या मुलांच्या ताटात हिरवे पान पडावयाचे तर ते अंगणवाडीतून आणि शाळेतूनच पडेल. आपल्या गळिताच्या हंगामाचा भार जी माणसे डोक्यावरून वाहतात, त्यांच्या लेकरांचे रक्त फिके राहावे, हे कोणत्याही सुसंस्कृत तालुक्याला शोभणारे नाही. ग्रामपंचायतीने आणि कारखान्याने मिळून खोप्यांच्या वस्तीवरील बालकांना हंगामापुरते रोज एक केळे किंवा पेरू देण्याचे मनावर घेतले, तर त्याचा खर्च एका सत्कार समारंभाइतकाही होणार नाही. आणि ज्या बायका उन्हात जमिनीवर बसून माळवे विकतात, त्यांच्यासाठी बाजारात सावली आणि पाणी करून द्यावे. भाजी टवटवीत राहील, त्यांचेही नुकसान टळेल.

राजर्षी शाहूंचा जन्म याच कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये झाला. पाणी अडविल्याखेरीज रयत सुखी होणार नाही, हे ओळखून त्यांनी राधानगरीच्या धरणाचा पाया घातला. पाणी आले, पीक आले, पैसा आला. त्या पाण्याचा थोडासा वाटा रयतेच्या ताटात हिरव्या पानाच्या रूपाने पोहोचविणे, हे काम आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे. त्यासाठी ना मोठे धरण हवे, ना मोठी योजना. येत्या मृगात प्रत्येक घराने शेवग्याचे एक खोड परड्यात रोवावे आणि पहिल्या पाल्याची भाजी घरातील मुलीच्या ताटात आधी वाढावी. आजाऱ्याच्या उशाशी फळ ठेवण्याची आपली रीत चांगलीच आहे. ती मोडू नये. फक्त ते फळ थोडे आधी, माणूस धडधाकट असतानाच, त्याच्या हाती द्यावे.